दिवाळीआधीचे धडे

जूनमध्ये नवं पुस्तक हाती आलं की बाई ते आधी उसवायच्या. पिना काढायच्या, धडे सुटे करून टेबलावर मांडायच्या आणि आपल्या क्रमानं लावून दाभणानं पुन्हा शिवायच्या. "पोरं दिवाळीपर्यंतच आपली हायेत," एवढंच म्हणायच्या.

चौसाळ्याजवळच्या शाळेत मी नवीनच लागलो होतो. त्या चौथीच्या बाई. दिवाळी झाली की त्यांचा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा, तो गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचा. म्हणून वजनमापं, अपूर्णांक, नकाशा हे सगळं बाई आधी घ्यायच्या.

"पण बाई, अभ्यासक्रम वरून ठरून येतो," मी एकदा म्हणालो.

"येऊ द्या की. पर कुणासाठी ठरलाय, ते इचारावं लागंल ना?"

त्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला होता. कोणत्या इयत्तेत कोणती क्षमता यायला हवी, सगळं पायरीपायरीनं बांधलेलं. पावसाळ्याच्या अखेरीस विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी नेमकं ते शिवलेलं पुस्तक उचललं. बाईंच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. आता या वयात निलंबन?

"बाई, क्रमाला काही अर्थ असतो."

"असतोय की, साहेब. पर पुस्तक वर्षभर शाळंत राहतंय, पोरं न्हाई राहत."

साहेब बराच वेळ पानं चाळत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. "अपूर्णांक भागाकाराच्या आधी घेतलेत. इथं मुलं अडखळत असतील."

"लई अडतात!" बाई चमकून म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच शिकवणं कमी पडतंय."

दोघांनी मिळून धडे पुन्हा लावले. निघताना साहेब म्हणाले, "लेखी परवानगी मागू नका. चालू द्या." त्यांची फटफटी वळणाआड गेली आणि बाई ओट्यावर बसून हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही.

हिवाळ्यात त्यांना धर्मापुरीकडे बदली मिळाली. लेकीच्या गावाजवळ म्हणून त्यांनीच मागितलेली. निम्मा वर्ग तेव्हा उसाच्या फडात होता. त्या मुलांचा निरोप राहूनच गेला. चौथी माझ्याकडे आली.

पाडव्यानंतर मुलं परतली. सगळं मुळापासून शिकवावं लागणार, या धास्तीनं मी फळ्यावर सोपासा अपूर्णांक मांडला. उन्हानं रापलेली एक मुलगी उभी राहिली.

"सर, हे बाईनं शिकवलंय. म्होरलं सांगा."