नाक्याला नाव मिळालं तो दिवस

आम्ही ठाण्याला राहायला आलो तेव्हा त्या नाक्यावर एक विहीर आणि चार दुकानं होती. खाडीकडून मिठाच्या गाड्या स्टेशनाकडे जात, घोडबंदरकडून गवताच्या येत, आणि सगळ्यांचे बैल तिथंच पाणी पीत. विहीर मिठागरात राबणाऱ्या एका माणसानं स्वतः खणली होती. तो वारला, तरी गाडीवान त्या वस्तीला त्याच्याच नावानं ओळखत. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्या घरचं आहे. त्याची बायको रोज सकाळी बैलांसाठी दगडी डोणी भरून ठेवायची.

मग म्युनिसिपालिटीनं नाक्यांवर पाट्या लावायचं ठरवलं. एका भुसार दुकानदारानं तिथं आपलं नाव लागावं म्हणून खटपट केली. गोरा साहेब चौकशीला आला. माझे वडील त्याचे कारकून. बायकांशी बोलायला म्हणून त्यांनी मला नेलं. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकत होते, पण परक्यांसमोर माझं तोंड उघडत नसे.

दुकानदाराच्या माणसांनी त्याचं नाव सांगितलं. साहेबानं विहीरवालीला विचारलं, या जागेला काय म्हणतात? नवऱ्याचं नाव बाई कशी घेणार? मी कशीबशी ती रीत समजावली आणि नाव मीच सांगू का, असं विचारलं. तो म्हणाला, विहीर तिची आहे, तिनंच सांगावं. नाहीतर दुकानदाराचं लागेल.

दुकानदार हसला. "मग पाटीवर 'आमचे ते' असं लिहा."

घागर घेऊन उभ्या असलेल्या शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. "लग्नान घेतलंस तसाच घे गो. सायबाला काय कलतंय?"

विधवेनं उखाणा घेतलेला मी कधी ऐकला नव्हता. तिनं पदर सारखा केला आणि भर नाक्यावर, खाडीचं पाणी नि पांढरं मीठ जुळवत, नवऱ्याचं नाव घेतलं. नाव स्वच्छ ऐकू आलं. गाडीवानांनी माना डोलावल्या. गाणं संपायची वाट पाहत असल्यासारखा साहेब उभाच होता.

"हेच ते नाव," मी इंग्रजीत म्हणाले, जरा मोठ्यानंच. त्यानं लिहून घेतलं.

पाटी लागली त्या दिवशी तिनं मला बोलावून ती वाचायला सांगितली. मी वाचली.

"परत वाच गो," ती म्हणाली.