काकांचा हंगाम

कोरेगावजवळच्या आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं, की धाकट्या काकांकडे नुसतं बघत राहावं. पहाटे चुलवाण पेटवायचे, दिवसभर रसाच्या काहिलीपाशी उभे, डोळ्याला डोळा नाही, तरी चेहरा टवटवीत. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून काकवी पाजायचे, आम्हा पोरांना गरम गूळ काठीला गुंडाळून द्यायचे. बोलायला लागले की दुसऱ्याला तोंड उघडायची सोय नाही. एकदा आटपाडीच्या बाजाराला सहज म्हणून गेले नि मेंढरांचा कळपच घेऊन आले. राखायची कुणी, असं काकूने विचारलं, तर नुसते हसले. मला त्यांच्याएवढं झकास माणूस जगात दुसरं दिसत नव्हतं.

हंगाम संपला की तेच काका भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवायला उठायचे नाहीत, बोलायचे नाहीत. "दमलाय गडी, पडू दे," आजोबा म्हणायचे. गुऱ्हाळ म्हणजे रात्रंदिवसाचं काम. हंगामात जागणारा माणूस नंतर पडणारच, त्यात कुणाला काय वावगं दिसणार?

मग आमचा सगळा ऊस कारखान्याला जायला लागला आणि गुऱ्हाळ बंद झालं. पण हिवाळा लागला तसे काका पुन्हा जागू लागले. काम काहीच नव्हतं. मोकळ्या मळ्यात फेऱ्या मारायचे, फोनवरून कुणाकुणाला मोठमोठे बेत सांगायचे, अडवलं तर अंगावर धावून यायचे. काकू घाबरली. आम्ही दोघींनी त्यांना साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं.

"झोप झाली नाही की थकायचे का हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई वो," काकू म्हणाली. "जागतील तेवढी हुशारी चढायची."

डॉक्टर म्हणाले, बायपोलर. ते जागणं आणि ते पडणं एकाच आजारातलं.

आता काका गोळ्या घेतात, वेळेवर झोपतात, कमी बोलतात. बरे आहेत. पण काहिलीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाची मला फार आठवण येते. गेल्या दिवाळीत हातात गोळी धरून त्यांनी मला विचारलं, "तवाचा मी तुला लय आवडायचो, व्हय ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तर गोळी खिशात गेली असती. नाही म्हणून खोटंही बोलवेना.

"लय आवडायचा," मी म्हणाले. "पण तुमी पडून असायचा तवा काकू गोठ्यात जाऊन रडायची. ते बी मी बघितलंय."

काकांनी शेजारी उभ्या काकूकडे बघितलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी गोळी घेतली.