मूठ वळते का?

आमच्या कोळीवाड्याच्या मंडळाने गेल्या वर्षी जी स्मरणिका काढली, तीत माझ्याविषयी दीड पान मजकूर आहे. लढाईत हात गमावलेला मी वीर असून इंग्रजांचे पेन्शन मी साहेबाच्या तोंडावर फेकले, असे त्यात म्हटले आहे. मी लढाईत हात गमावला नाही. कोणाच्या तोंडावर काही फेकले नाही. आणि ज्याला तेथे साहेब म्हटले आहे तो आपल्यातलाच, गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल लागलेला एक सर्कल इन्स्पेक्टर होता. मजकूर लिहिणाऱ्या तरुणाला मी बोलावून हे सारे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, लोकांना असंच आवडतं." लोकांना काय आवडते, हे पाहून घटना घडत नसतात.

याशिवाय आणखी दोन कथा खाडीच्या दोन्ही तीरांवर चालतात. वाड्यातल्या लोकांनी मत्सराने खोटी साक्ष देऊन माझे पेन्शन बुडवले, ही एक. सोयऱ्यांसमोर मी बढाई मारायला गेलो आणि स्वतःच्याच तोंडाने घास घालवला, ही दुसरी. या तिन्ही कथांना मी इतकी वर्षे तोंडी उत्तरे देत आलो. आता त्याचा कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच लिहितो.

पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या नदीवर मालवाहू सरकारी पडाव चालत, त्या होड्यांवर खलाशी म्हणून चौलकडची पुष्कळ माणसे गेली. मीही गेलो. गोळी तर सोडाच, शत्रूही मला कधी दिसला नाही. एका सकाळी पडाव धक्क्याला लावताना दोर हातात घेऊन मी वाकलो, मागून लाट आली आणि उजवा हात पडाव व धक्का यांच्यामध्ये सापडला. तीन बोटे गेली. उरलेली दोन वाळल्या बोंबलासारखी ताठ झाली, आणि खांदा तेव्हापासून वर उचलता येत नाही. इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर देशावरचे एक शाळामास्तर होते, दोन्ही पायांना पट्ट्या बांधलेले. वेळ जावा म्हणून त्यांनी मला डाव्या हाताने लिहायला शिकवले. मी लिहितो ती भाषा त्यांची आहे. माझ्या आईची भाषा आईबरोबर गेली.

मुंबईच्या डॉक्टरांनी असे ठरवले की, माझी कमावण्याची शक्ती सोळा आण्यांपैकी आठ आणे उरली आहे, आणि गेलेल्या आठ आण्यांबद्दल सरकार मला पेन्शन देईल. हे मी घरी येऊन भोळेपणाने सांगितले आणि वाड्याने मला आठ आण्यांच्या नाण्याचे नाव दिले, अधेली. शेजारची काकी, जिने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवले होते, ती मला पाहताच ओरडे, "आली गं आमची अधेली!" मला त्याचा राग येत नसे. राग दुसऱ्या गोष्टीचा होता. हे पेन्शन म्हणजे भीक आहे असे कोणी सुचवले तर. तो माझा हात होता आणि ते त्याचे मोल होते.

ते मोल घ्यायला दर सहामाहीला जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागे. वारा अनुकूल असला तर होडीने, नाहीतर सुपारीच्या वाड्यांमधून पायी. आधी सरकारी डॉक्टरने हात पाहायचा, मग त्याचा दाखला घेऊन सरकारी तिजोरीच्या कचेरीच्या व्हरांड्यात बसायचे. डॉक्टर बदलत, प्रश्न बदलत नसे.

"मूठ वळते का?"

"नाही, साहेब."

"मागच्या वेळी वळत होती?"

"मागच्या वेळीही नाही."

मग तो लिही, आणि मी बाहेर येई. व्हरांड्यात डोंगराकडच्या गावचा एक शेतकरी शिपाई नेहमी भेटे. त्याचा एक डोळा गेला होता. "काय नाखवा," तो विचारी, "माजा डोला अजून उगावला न्हाय. तुमच्या बोटांना कोंब फुटलं का?" आम्ही हसत असू, पण सकाळी आलेला माणूस दुपार कलल्यावर हसतो ते निराळे असते. पैसे घेताना मी सही करू लागलो की कारकून लेखणी काढून घेई. "अंगठा द्या. सही करणारा माणूस पांगळा कसा दिसेल?" मी भांडत असे. मी म्हणे की, सरकारने माझी बोटे मोजली आहेत, अक्षरे नाहीत. शेवटी अंगठाच द्यावा लागे, आणि शाई पुशीत मी खाडीची वाट धरी. दहा-बारा वर्षे हे चालले. माणूस म्हातारा होतो तो अशा व्हरांड्यांतून.

पुढे काटकसरीची वर्षे आली. सरकारी खर्च कमी करायचा असे वरून ठरले, आणि खालपर्यंत येता येता त्याचा अर्थ असा झाला की, प्रत्येक जखमी पेन्शनर आपल्या गावात पूर्वीसारखा धंदा करतो किंवा कसे, याची पंचांसमक्ष चौकशी व्हावी. करीत असेल तर पेन्शन बंद. व्हरांड्यात आम्ही हे ऐकले. एकडोळ्या शिपायाने आपल्या गावच्या पंचांना आधीच कोंबडी खाऊ घातली. मी काही केले नाही. माझ्या हाताला साक्षीदाराची गरज पडेल, असे मला वाटले नव्हते.

त्याच वर्षी बहिणीचे लग्न ठरत होते. मी बसऱ्याला असतानाच बापूस वारला होता. घरात आई, ही धाकटी बहीण आणि मी. आमची होडी चुलतभाऊ चालवी, त्यातला होडीचा वाटा आम्हाला येई, आणि बाकीचे घर पेन्शनवर चाले. स्थळ श्रीवर्धनच्या बाजूचे होते. मुलगा चांगला, घर चांगले. मुलाचा चुलता मात्र एकाच गोष्टीवर अडला होता. आमच्यात रीत अशी की, ज्या घरात समुद्रावर जाणारा पुरुष नसेल त्या घरची होडी शेवटी जावयाच्या गळ्यात पडते. आपल्या पुतण्याने जन्मभर बायकोच्या माहेरची जाळी ओढावीत, हे त्याला नको होते. "हात नसंल तं नसंल," तो पहिल्या भेटीत म्हणाला होता, "पन पोरीचा भाऊस दर्यात जातो का, तेवरा सांगा." आईने सांगितले होते की जातो.

साखरपुड्याच्या दुपारी अंगणात मांडव होता. चटयांवर सोयरे बसले होते, खांद्यावरचे उपरणे हातावर ओढून मीही त्यांच्यात होतो. साखर ताटात येऊन राहिली होती. तेवढ्यात खाडी ओलांडणाऱ्या तरीवरून उतरलेला सर्कल इन्स्पेक्टर, पाठीमागे एक पट्टेवाला, चिखल तुडवत अंगणात आला. लग्नघर पाहून तो ओशाळला, पण ओहोटीच्या आत त्याला परतीची होडी गाठायची होती आणि कागद दुसऱ्या दिवशी वर जायचे होते. तो मांडवाच्या कडेला बसला. समोर भली मोठी लाल टोपी घातलेला एक वजनदार गृहस्थ दिसला, त्यालाच वाड्याचा पुढारी समजून त्याने विचारले, "काय हो, हा पेन्शनर होडी घेऊन समुद्रावर जातो का?"

तो मुलाचा चुलता होता. त्याने मिशी पुसली आणि म्हणाला, "सायेब, मी पन त्येच इचाराला आलोय. तुमाला समजला तं मना पन सांगा."

हशा पिकला, आणि लगेच थांबला. वाड्यातल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळले की, आपण काय बोलतो ते चुलता ऐकतो आहे. सोयऱ्यांसमोर वाड्याचा शब्द एक, ही आमची रीत. घरात भांडू, किनाऱ्यावर टोपल्या फेकून मारू, पण पाहुण्यांसमोर कोळी कोळ्याला उणे म्हणणार नाही. सरकारचा माणूसही तेथेच बसला आहे, आणि त्याचा कागद हाही एक पाहुणाच आहे, हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

काकीने सुरुवात केली. "जातो का म्हंजे? शिमग्याच्या वादलात शीर कुनी उतरवला? ह्याच पोरानं!"

ते शीड चुलतभावाने उतरवले होते. त्या दिवशी मी तिजोरीच्या व्हरांड्यात बसलो होतो. चुलतभाऊच पुढे सरसावला. "आमी दोन हातांनी वढतो तेवरा हा एका हातानं वढतो, सायेब. आमाला तं लाज वाटते."

"बोटाच तं गेल्यान," तिसरा म्हणाला, "बोटांनी काय मासली पकरतात?"

पुन्हा हशा. इन्स्पेक्टर लिहीत होता. माझे एकेक कौतुक कागदावर चढत होते, आणि मी आईकडे पाहत होतो. तिला सारे कळले होते. ती दारात उभी होती आणि तिने काही खूण केली नाही. तिने खूण केली असे काही जण सांगतात, तेही खोटे.

लिहून झाल्यावर इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता. उपरण्याखालच्या हाताकडे त्याने एकदा पाहिले, चुलत्याकडे पाहिले, ताटातल्या साखरेकडे पाहिले.

"पंचांनी सांगितलं ते मी लिहिलं," तो म्हणाला. "पण तुमचं म्हणणं वेगळं असेल तर पंचांसमोर आताच सांगा, तेही लिहीन. मूठ वळते का?"

चुलत्याने मान पुढे काढली. दहा-बारा वर्षे ज्या प्रश्नाला मी एकच उत्तर दिले, तो प्रश्न माझ्या अंगणात येऊन बसला होता. नाही म्हटले असते तर पेन्शन राहिले असते, आणि त्याच श्वासात आई, काकी, भाऊ, सारा वाडा सोयऱ्यांसमोर खोटा ठरला असता. साखर ताटातच राहिली असती.

"वळते," मी म्हणालो.

"विचार करून सांगा."

"सांगितलं."

त्याने उपरणे बाजूला करायला सांगितले नाही. ती त्याची माणुसकी, आणि ती स्मरणिकेत यायला हवी होती. त्याने लिहिले, दोघा पंचांचे अंगठे घेतले, पाणीसुद्धा न पिता तरीकडे गेला. मग बहिणीच्या तोंडात साखर पडली.

पावसाळ्यानंतर पेन्शन बंद झाल्याचा हुकूम आला. तो वाचून दाखवला तेव्हा वाड्यात प्रथम संताप उसळला. मग काकी एकदम खाली बसली आणि पदराने तोंड झाकून घेतले. चुलतभाऊ त्या रात्री जेवला नाही. मत्सराची कथा रचणाऱ्यांनी हे पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चुलतभाऊ दारात आला. "चल," म्हणाला, "सुकानूवर बस." सुकाणू मी काखेत धरून डाव्या हाताने चालवू लागलो. जाळे ओढायची माझी पाळी येई तेव्हा कोणीतरी न बोलता माझ्या जागी उभा राही, आणि वाटणीत मला पुरा वाटा मिळे. ज्यांनी एकदा सरकारला सांगितले होते की मी दोन हातांचा आहे, त्यांनी तो शब्द पुढे कितीतरी वर्षे आपल्या खांद्यांनी खरा केला. याला कोणी दान म्हणेल तर मी आजही भांडेन. सुकाणू मीच धरत होतो. पण हेही खरे की, दमल्यावर तिजोरीच्या व्हरांड्याची आठवण येई, आणि तेथे निदान नाही म्हणता येत होते, असे वाटे.

राहिली स्मरणिकेतली कथा. ती कोठून निघाली, हे मला परवा कळले. बहीण आता थकली आहे, तरी लेकाला घेऊन होडीने आली, सुक्या सोड्यांची पुरचुंडी घेऊन. तिचे घरटे भरलेले आहे, होडी पोरांच्या हातात आहे, आणि सासरी तिला कोणी कधी माहेरच्या जाळ्यावरून बोलले नाही. तिने पिशवीतून स्मरणिका काढली आणि माझे पान बरोबर उघडले, कारण तेथे तिने सुपारीचे खांड घालून ठेवले होते. तिला वाचता येत नाही.

"मीच सांगितलं त्या पोराला," ती म्हणाली. "तू सायेबाच्या तोंडावर पैसं फेकलंस नं, माज्या साखरपुऱ्याच्या दिशी. मी आतून सगलं ऐकत होते."

त्या दिवशी ती आतल्या खोलीत होती, आणि तिच्याभोवती बायका गाणी म्हणत होत्या.

तिने छापील ओळींवर बोट ठेवले. "बराबर छापलाय नं, दादा?"

"बरोबर," मी म्हणालो.