दिल्लीने भरायचा दंड

एकवीस वर्षं मी रंगमंचावर बायकांची कामं केली. राण्या, सवती, गवळणी, नवऱ्यानं टाकलेल्या बायका. तिसऱ्या अंकात मी पदर डोळ्यांशी नेला की पिटातले हमालसुद्धा नाक शिंकरायचे. पुढं बोलपटांनी आमची नाटकमंडळी बसवली आणि शेचाळीस साली एक ट्रंक, दोन टोप आणि एक पेटी घेऊन मी कर्जत स्टेशनावर उतरलो. खालापूरपासून दीड कोसावरच्या माझ्या गावानं मला पोटाशी धरलं. येसाजी पाटलानं राहायला ओसरी दिली, घराघरांतून तांदूळ आले. वाईट म्हणावा असा माणूस त्या गावात एकही नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढं जे सांगणार आहे, ते आम्हीच केलं.

ठकी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली. तिशीची, काटकुळी, मोळी घेऊन झपाझप उतरणारी. माझ्या ओसरीवर मोळी टाकायची आणि मी जुनी पदं गुणगुणत असलो की खांबाला टेकून ऐकायची. एकदा मी हौसेनं तिला माझी राणीची चाल करून दाखवली. ती पोट धरून हसली.

"दादा, आशी बाई चालत नाय."

"का गं? पुण्याच्या लोकांनी टाळ्या दिल्यात या चालीला."

"तुमची मान लई सैल. डोक्यावर वझं नसलं तरी बाईची मान वझं असल्यावानीच ऱ्हाते."

एकवीस वर्षांत एकाही तालीममास्तरानं मला हे सांगितलं नव्हतं.

वाडीखाली मोठा माळ होता. लढाईच्या काळात लष्करानं तो ताब्यात घेतला आणि तिथं चांदमारी सुरू केली, म्हणजे शिपायांना नेमबाजी शिकवण्याची जागा. लढाई संपली, साहेब गेला, पण चांदमारी राहिली. गोळीबार असेल त्या दिवशी टेकाडावरच्या बांबूला लाल निशाण चढे. निशाण दिसलं की वाडी घरात. निशाण नसलं की वाडीतली माणसं माळावर जाऊन पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या वेचत आणि कर्जतच्या तांबटाला विकत. निशाण पाहणं हे ठकीच्या घरात तिचं काम. ती पहाटे उठून बांबूकडं बघायची.

अठ्ठेचाळीसच्या डिसेंबरात एके सकाळी बांबू रिकामा होता. ठकी नवऱ्याला म्हणाली, "निशाण नाय. जा." कमळ्या टोपली घेऊन गेला. तासाभरानं गोळीबार सुरू झाला. कमळ्याच्या मानेत गोळी लागली.

निशाण का नव्हतं, ते मला छावणीच्या कारकुनाकडून कळलं. तो बिचारा माझी पेटी ऐकायला यायचा. जुनं निशाण पावसाळ्यात फाटलं होतं. त्यानं सप्टेंबरातच नवं कापड मागितलं. वरून उत्तर आलं की या सालाची मंजुरी संपली, एप्रिलनंतर मागा. "एप्रिलपर्यंत गोळ्या आहेत का?" मी विचारलं. "गोळ्यांची मंजुरी वेगळी," तो म्हणाला. छावणीच्या साहेबानं कागदावर लिहिलं की निशाण लावलेलं होतं.

आता वाडीची रीत सांगायला हवी. असं आकस्मिक मरण आलं की कुणाच्या तरी चुकीनं ते आलं, असं वाडी धरून चाले. ज्याची चूक, त्यानं पंचांसमोर "माझ्यामुळं मेला" असं म्हणायचं, दंड ठेवायचा, नारळ फोडायचा. मग पंच पाणी पीत आणि विषय मिटे. दंड एक रुपयाही चाले, पण तो चूक करणाऱ्याच्या हातून यावा लागे. कुणीच दंड भरला नाही, तर शेवटचं "जा" ज्यानं म्हटलं त्याच्यावर मरण जाई. वाडीचा म्हातारा पंच नवशा ठकीच्या दारात येऊन म्हणाला, "ठके, पाडव्यापातूर वाट बगू. लष्करानं दंड दिला तर ठीक. नायतर तू वाडीच्या भाईर. गोदा तिच्या काकाकडं ऱ्हाईल."

गोदा म्हणजे ठकीची मुलगी, पाच वर्षांची.

ठकी छावणीवर गेली, खालापूरच्या कचेरीत गेली, पंधरा दिवस पायऱ्या झिजवल्या. शेवटी आमच्या शाळेचे हिरामण मास्तर पुढं झाले. अत्यंत सज्जन माणूस, स्वतःच्या खर्चानं वर्तमानपत्र मागवणारा. त्यांनी दिल्लीच्या सभेतल्या आपल्याकडच्या एका सभासदाला पत्र लिहिलं. मार्चच्या सुरुवातीला उत्तर आलं: लष्कराच्या खर्चाची मागणी सभेपुढं येईल तेव्हा त्यात शंभर रुपयांची कपात सुचवून मी हा विषय काढीन.

मास्तरांनी ते पत्र आम्हाला चावडीवर वाचून दाखवलं आणि समजावलं. इंग्रजाच्या राज्यात लष्कराच्या खर्चावर सभेला मत देताच येत नसे, नुसतं बोलायचं. आता दरसाल प्रत्येक खात्यानं आपला खर्च सभेपुढं मांडायचा, सभेनं हो म्हटल्याशिवाय एक पै उचलायची नाही. आणि कुणाला गाऱ्हाणं सांगायचं असेल, तर त्यानं म्हणायचं की या मागणीतून शंभर रुपये कापा.

"आन् कापत्यात?" येसाजी पाटलानं विचारलं.

"छे! ती गाऱ्हाणं मांडायला उभं राहायची रीत आहे. मंत्री उत्तर देतो, सभासद सूचना मागं घेतो, आणि मागणी पुरीच्या पुरी मंजूर होते."

येसाजी मांडीवर थाप मारून हसला. "ह्यो तर शिमगा झाला मास्तर!"

पण त्याच संध्याकाळी नवशा वाडीवरून आला, तेव्हा मास्तर दमलेले होते. नवशानं एकच विचारलं, "म्हंजी देशाचे पंच लष्कराचं शंभर रुपयं कापनार. हा दंडच की वो?"

मास्तर म्हणाले, "तसंच काहीसं समज."

त्या चांगल्या माणसाला मी दोष देत नाही. पण त्या एका वाक्यावर ठकी पुढचे पंधरा दिवस जगली. तिच्या चालण्यात पुन्हा झपाटा आला. माझ्या ओसरीवर मोळी टाकताना म्हणाली, "शंभर कशाला दादा? मी तेंना रुपाया मागनार. बाकीचं ऱ्हाऊ द्या तेंच्याकडंच. नुसता दंड पायजे."

मग शिमगा आला. आमच्या गावात धुळवडीच्या सकाळी चावडीपुढं वर्षाचे तंटे मिटवत, दंड ठरवत. दुपारी त्याच ओट्यावर सोंगं निघत. यंदा येसाजी मला म्हणाला, "वाल्मिक्या, दिल्लीची सभा काडू! तू मंत्री हो. लई दिवसांत तुजं काम बगितलं नाय गावानं."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगतो, मला नाही म्हणायचंच नव्हतं. तीन वर्षं टाळी ऐकली नव्हती. मी ट्रंक उघडली. राणीचा टोप कातरून मंत्र्याचे कल्ले केले, काजळाची मिशी काढली, येसाजीचा लग्नातला कोट चढवला. धाकलू तेली सभापती झाला. त्याच्या हातात बैलाच्या गळ्यातली घंटा. येसाजी स्वतः सभासद. आणि गावाला न सांगता येसाजीनं वाडीवर निरोप धाडला होता, की दुपारी चावडीपुढं दिल्लीच्या सभेचा निकाल आहे, दंड घ्यायला ठकीनं पदर घेऊन यावं.

ती आली. सकाळी खरे दंड ठरलेल्या ओट्यासमोर, धुवट लुगडं नेसून. मागं नवशा, काखेत नारळ. त्याच्यामागं सगळी वाडी.

मी तिला पाहिलं. तेवढ्यात धाकलूनं घंटा वाजवली. ज्यानं कधी तिसरी घंटा ऐकली आहे त्याला कळेल, तिच्यानंतर नट मागं फिरत नाही. मी फिरायला हवं होतं.

"सभापती म्हाराज," येसाजी गरजला, "लष्कराच्या खर्चातलं शंभर रुपयं कापा! का, तर चांदमारीवर निशाण नव्हतं!"

मी सावकाश उठलो, कल्ले कुरवाळले. "निशाण नव्हतं कसं? निशाण होतं. वारा नव्हता!"

गाव कोसळलं.

"आन् मानूस मेला त्याचं काय?"

"कोणता माणूस? आमच्या वहीत माणूस नाही. वहीत गोळ्या आहेत. त्यातली एक कमी भरते. ती ज्यानं नेली त्यानं आणून द्यावी!"

हे वाक्य तालमीत नव्हतं. मला ते तिथं, उभ्याउभ्या सुचलं. हशा एवढा उठला की पिंपळावरचे कावळे उडाले. आणि त्या हशातून ठकी पुढं आली. पदर दोन्ही हातांनी पसरून माझ्यापुढं उभी राहिली.

"सायेब, गोळी माज्याकडं नाय. ती त्याच्यासंगंच पुरली."

लोकांना वाटलं, तीही सोंगात आहे. बायका डोळे पुसत हसल्या.

"सूचना मागं घेतो!" येसाजी ओरडला.

"मागनी मंजूर म्हननाऱ्यांनी हो म्हना!" धाकलूनं घंटा बडवली.

"हो!" सगळं गाव. वाडीही म्हणाली, कारण तिला वाटलं दंडाला मंजुरी मागताहेत. ठकीचा आवाज सगळ्यांत वरचा होता. "हो! हो!"

येसाजीनं होळीची मूठभर राख तिच्या पदरात टाकली. "घे तुजा दंड!"

नवशा म्हातारा होता, पण खुळा नव्हता. त्यानं राखेकडं पाहिलं, काखेतला नारळ घट्ट धरला आणि पाठ फिरवली. त्याच्यामागं वाडी निघाली. ठकी मात्र पदराची गाठ मारून माझ्याकडं बघत राहिली. माझं काजळ घामानं उतरत होतं; तिनं मला ओळखलं.

"दादा, म्हंजी मंजूर झालं का नाय?"

त्या क्षणी कोट काढून मी खाली उतरायला हवं होतं. मी छाती काढली आणि मंत्र्याच्या आवाजात म्हणालो, "सरकार विचार करत आहे!"

मंडळी बसल्यापासून एवढी मोठी टाळी मला मिळाली नव्हती.

बारा दिवसांनी कर्जतहून वर्तमानपत्र आलं. आतल्या पानावर चार ओळी होत्या. मास्तरांनी त्या मला ओसरीवर वाचून दाखवल्या. मंत्र्यांनी उत्तर दिलं होतं, की निशाण नव्हतं असं म्हणता येणार नाही, ते जीर्ण झालेलं होतं. येत्या सालच्या खर्चात नव्या कापडाची तरतूद केली आहे. सभासदानं समाधान व्यक्त केलं आणि कपातीची सूचना मागं घेतली. मागणी संपूर्ण मंजूर झाली. कमळ्याचं नाव नव्हतं, मेलेल्या माणसाचा उल्लेखही नव्हता.

मास्तरांनी चष्मा काढला. "वाल्मिकराव, सोंग कुणी लिहिलं होतं हो?"

मी चांदीचा एक रुपया घेतला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत वाडीवर गेलो. पाडव्याला दोन दिवस होते. नवशा अंगणात दोर वळत बसला होता. मी रुपया त्याच्यापुढं ठेवला.

"ह्यो कशाचा?"

"दंड. ठकीच्या वतीनं."

"तिच्या वतीनं चालत नाय. ज्याची चूक त्यानं ठेवायचा. आन् बोलायचं."

"मग माझाच समज. माझ्यामुळं मेला कमळ्या."

हे म्हणताना मला खरंच रडू फुटलं. पदर नाही, टोप नाही, समोर पिट नाही. एकवीस वर्षांत मी असा रडलो नव्हतो. नवशानं दोर खाली ठेवला. मग त्यानं रुपया उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"लई झ्याक करतोस," तो म्हणाला. "शिमग्यातबी झ्याकच केलंस."

ठकी झोपडीच्या दारात नाचणी निवडत होती. गोदा तिच्या पाठीला पाठ लावून बसली होती. ठकीनं मला पेला भरून पाणी दिलं, अजूनही दिलं. "दादा, येवडंच सांगा. दिल्ली हो म्हनली का?"

मी म्हटलं, "म्हणाली."

"ऐकलंस का रं म्हाताऱ्या?" ती आनंदानं ओरडली. "हो म्हनली!"

"मग दंड कुटंय?" नवशा म्हणाला आणि पुन्हा दोर वळू लागला.

पाडव्याच्या सकाळी ठकीला वाडीबाहेर काढलं. मडकी फोडली, गोदाला काकाच्या घरात कोंडलं. आमच्या गावात गुढ्या उभ्या होत्या. ठकी गावातून गेली तेव्हा बायकांनी मुलं आत घेतली, कारण वाडीनं टाकलेली बाई नवरा खाणारी असणार. शिमग्यात पोट धरून हसलेल्याच बायका त्या. ठकीच्या डोक्यावर काहीही नव्हतं, पण मान तशीच होती.

एप्रिलात छावणीवर नवं कापड आलं, चांगलं लालभडक. आता ते चढवायला आणि उतरवायला माणूस हवा होता. त्याचीही मंजुरी आली होती. मी कारकुनाच्या हातापाया पडलो आणि ते काम ठकीला मिळालं. टेकाडाखाली पत्र्याची खोपटी, आणि गोळीबाराच्या दिवशी पहाटे बांबूची दोरी ओढायची. मी त्यानंतर पुन्हा ट्रंक उघडली नाही.

वाडीची बंदी उठली नाही. गोदाला आईजवळ जाऊ देत नसत. पण निशाण वाडीतून दिसे. ते सरसर वर गेलं की काकाच्या अंगणातून गोदा ओरडायची, "आई उठली!" ज्या दिवशी गोळीबार नसे त्या दिवशी बांबू रिकामा, आणि पोरगी जेवत नसे. पुढच्या मार्चात लष्कराची मागणी पुन्हा मंजूर झाल्याचं मास्तरांनी वाचून दाखवलं. चांदमारी रोज व्हावी, असा नवस करणारी सगळ्या कुलाबा जिल्ह्यात ती एकटीच मुलगी असेल.