बाया यायच्या थांबल्या तेव्हा

आमचा वृद्धाश्रम मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या वस्तीबाहेर, भरवेलीच्या रस्त्याला आहे. समोरासमोर दोन बैठ्या चाळी, मध्ये अंगण, एका टोकाला स्वयंपाकघर. एका चाळीत बाया राहतात, दुसरीत पुरुष. करोनाची दुसरी लाट आली तेव्हा मला इथं येऊन दोनेक वर्षं झाली होती. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि बडी बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होऊन निवृत्त झाले. नवरा गेल्यावर मुलानं पुण्याला नेलं. तिथं दिवसभर बंद फ्लॅटमध्ये बसून मला करमेना, म्हणून परत आले आणि स्वतःच चौकशी करून इथं खोली घेतली. आश्रमात सगळे मला म्याडम म्हणतात.

त्या उन्हाळ्यात आधी स्वयंपाकी नवराबायको गेले. नवऱ्याला ताप आला आणि दोघंही लांजीकडच्या आपल्या गावी निघून गेली. मग कामाच्या बायांचं येणं थांबू लागलं. आमच्याकडे चार बाया होत्या. अंघोळी घालणं, कपडे बदलणं, भरवणं, ज्यांना उठता येत नाही त्यांचं सगळं करणं हे त्यांचं काम. दोघी भरवेलीच्या वसाहतीतून यायच्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले गेले आणि त्या आत अडकल्या. तिसरीच्या घरच्यांनी तिला सांगितलं की जायचं असेल तर तिकडंच राहा, इकडं परत येऊ नको. ती आली नाही. तिच्या जागी असते तर मीही आले नसते. व्यवस्थापकही तपासणीत पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांचा भाऊ त्यांना गोंदियाला घेऊन गेला.

राहिली चौथी बाई आणि चौकीदार. चौथी बाई चाळिशीची, बोलायला फटकळ. तिनं आपलं अंथरूण कोठीच्या खोलीत आणून टाकलं होतं.

आश्रम चालवणाऱ्या ट्रस्टच्या सचिवांना मी फोन केला. ते म्हणाले, "म्याडम, दो-तीन दिन में कोई न कोई मिल जाएगा. तब तक आप लोग थोड़ा एडजस्ट कर लीजिए."

तेव्हा असं माणूस कुणालाच मिळत नव्हतं. ज्यांची मुलं गावातच होती, त्यांना ती घेऊन गेली. माझा भाऊही बालाघाटातच आहे. त्यानं फोनवर "ये" म्हटलं, पण वहिनीला दमा आहे आणि घरात संडास एकच. मी गेले नाही. त्यात त्याग वगैरे काही नव्हता, गैरसोय जिकडं कमी वाटली तिकडं मी राहिले.

मागे आम्ही डझनभर माणसं उरलो. त्यातली तीन अंथरुणावर होती, दोन पुरुष आणि एक बाई.

एका सकाळी चौथ्या बाईनं आम्हाला अंगणात बोलावलं. तोंडाला ओढणी बांधून ती म्हणाली, "माह्या एकटीनं आता होत नाही. ज्याचे हातपाय चालते त्यानं उठा लागते."

मग पुरुषांच्या चाळीतले एक गृहस्थ उठले. ते भरवेलीच्या खाणीत ड्रिल मशीन चालवून निवृत्त झाले होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. उंच, किंचित वाकलेले, कानानं कमी ऐकू येणारे. ते म्हणाले, "सयपाक मी करतो. बायको गेल्यावर घरी मीच करत होतो."

ते खरं नसावं, हे पहिल्याच दिवशी वरणानं सांगितलं. पण दुसरं कुणी पुढं आलं नव्हतं, तेव्हा सगळे मुकाट्यानं जेवले.

मी म्हणाले, "बायांच्या चाळीत झाडू मी मारीन."

बाई म्हणाली, "झाडू राहू द्या म्याडम. काकूले पलटा लागते, पुसा लागते. ते कराल तं माहं अर्धं काम हलकं होईल."

काकू म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतली म्हातारी. वारासिवनीच्या राइस मिलवाल्या घरची, ऐंशीच्या पुढची. कमरेचं हाड मोडल्यापासून ती पडूनच होती. मी नवीन आले तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "नौकरी करत होत्या म्हणे?" मी हो म्हटलं. त्यावर ती "हं" म्हणाली आणि भिंतीकडं पाहू लागली. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं.

बाईनं मला एकदा करून दाखवलं. पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवायचा आणि आपल्याकडं वळवायचं. पाठ बघायची. कातडी लाल झाली असेल तर तिथं दाब पडू द्यायचा नाही. जुन्या लुगड्यांचे तुकडे करून ठेवले होते, कारण दुकानात डायपर मिळत नव्हते. एवढं सांगून ती पुरुषांच्या चाळीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. काकू ओल्यात पडली होती. मला पाहून तिनं चादर छातीपर्यंत ओढली.

"तुम्ही काहून आल्या? बाई कुठी गेली?"

"ती पलीकडच्या चाळीत आहे. काकू, तुम्ही ओल्यात आहात."

"पडू द्या. ते आली की करते."

"तिला वेळ लागेल."

"लागू द्या. घरंदाज बाईचं काम नोहे हे."

ते ती माझ्याबद्दल म्हणाली की स्वतःबद्दल, मला कळलं नाही. मी बादली भिंतीशी ठेवली आणि खुर्चीवर बसले. बाहेर ऊन चढलं. कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसता पंखा घरघरत होता. बाई काही आली नाही. बऱ्याच वेळानं काकूनं पदर ओढून तोंड पूर्ण झाकलं आणि त्याच्या आडून म्हणाली, "करा."

मी केलं. वळवताना माझ्या हातात नीट धरलं गेलं नाही, ती कण्हली. पुसून, कोरडं करून, पावडर लावून मी बाहेर आले आणि मोरीजवळ ओकले. नवऱ्याचं शेवटचं दुखणं मीच काढलं होतं, तरी असं झालं. पुढं काही दिवस मळमळायचं. मग तेही थांबलं. कधी थांबलं हे लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर चौथी बाईही गेली. तिच्या नवऱ्याला ताप आला होता. जाताना ती दारात उभी राहिली.

"म्याडम, मले जा लागते. घरी पोरी एकट्याच हायेत."

मी म्हटलं, "जा."

"मी येतो वापस."

"आधी नवऱ्याला बघ."

ती गेल्यावर अंगण फार मोठं वाटायला लागलं. आता भाऊ स्वयंपाक करत, चौकीदार बाजारातून सामान आणी आणि पुरुषांच्या चाळीतल्या दोघांचं करी. जी म्हातारी माणसं हिंडती-फिरती होती, त्यातलं कुणी पाणी भरी, कुणी भांडी घाशी. दोघं-तिघं मात्र पैसे भरले आहेत तर काम का करायचं, असं म्हणून दार लावून बसली. जेवायला वेळेवर येत. भाऊ त्यांनाही वाढत.

आरोग्य केंद्रातून एक नर्स आली. फाटकाबाहेरूनच गोळ्यांची पाकिटं आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र तिनं चौकीदाराकडं दिलं आणि म्हणाली, ज्याला ताप असेल त्याला वेगळं ठेवा. तोवर निम्म्या लोकांना ताप येऊन गेला होता किंवा येत होता. कुणाला कुणापासून वेगळं ठेवायचं, ते आम्हाला ठरवता आलं नाही.

काकू हळूहळू बोलू लागली. पण तोंडावर पदर घेतल्याशिवाय नाही. मी पाठ पुसत असायची आणि पदराखालून आवाज यायचा. लग्न होऊन आली तेव्हा मिल नवीन होती. कोंड्याची धूळ अन्नात, अंथरुणात, लेकरांच्या केसांत बसायची. सासरा मिल सुरू असताना जेवायचा नाही आणि बंद झाली की झोपायचा नाही. एकदा तिनं विचारलं, "तुमच्या हाफिसात गड्यांमंधी बसा लागे?"

"लागे. पहिली काही वर्षं मी एकटीच बाई होते."

"मंग संडासाले?"

"घरी येईपर्यंत थांबायची."

ती पदराखालून म्हणाली, "मीबी पाच लेकरं व्हायेपर्यंत परसाकडं जाले अंधाराची वाट पाहिली." माझं पुसून झाल्यावर मगच तिचा पदर खाली आला. मी जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

भाऊंना ताप आला तेव्हा त्यांनी सांगितलं नाही. चुलीपुढं घाम येतोच, असं म्हणायचे. गॅसच होता, पण ते चूलच म्हणत. एका दुपारी वाढता वाढता ते खांबाला टेकले. यंत्र बोटाला लावलं तर आकडा खूप खाली होता. चौकीदारानं गाडी बोलावली. भाऊ आपल्या पायांनी गाडीपर्यंत चालत गेले. आत बसण्याआधी वळून मला म्हणाले, "म्याडम, डाळ भिजवून ठेवली हाये. फेकू नका."

आम्ही ती संध्याकाळी शिजवली. त्यानंतर स्वयंपाक मी आणि आमच्या चाळीतली आणखी एक बाई मिळून करू लागलो. भाऊ दवाखान्यातच वारले. बातमी चौकीदाराला फोनवर कळली. त्यानं ती आधी मला एकटीला सांगितली, मग मी सगळ्यांना सांगितली. काकूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वरण खारट करे बिचारा." आणि पदर तोंडावर ओढला, मी पुसत नसताना.

पावसाच्या तोंडावर बाया एकेक करून परतल्या. चौथ्या बाईचा नवरा वाचला होता, ती पण आली. तिनं काकूची पाठ वळवून बघितली आणि म्हणाली, "म्याडम, कातडी फुटू नाही दिली तुम्ही." मला बरं वाटलं. कचेरीत बढती मिळाली होती तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं बादली घेऊन गेले तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुम्ही बसा आता. लय केलं." मी खोलीत येऊन बसले. काय करावं ते सुचेना. पेपर दोनदा वाचला.

भाऊंची मुलगी मलाजखंडला असते, जावई तिथल्या खाणीत आहे. तिला वडिलांचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. ती त्यांची सामानाची पेटी न्यायला आली, तेव्हा मला भेटली. मराठी तिला कळते, बोलते हिंदीच. तिनं विचारलं, "आख़िर में बाबूजी क्या करते थे?"

"आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करत होते."

तिला ते खरं वाटेना. "बाबूजी? उन्होंने तो कभी चाय भी नहीं बनाई."

"रोज करत होते, दोन्ही वेळचा."

ती थोडी हसली, मग पेटीवर हात ठेवून रडली. मी तिला पाणी दिलं.

काकूचा मुलगा दिवाळीला आला. त्यानं बायांना साड्या आणल्या होत्या. मी सहज दारात उभी होते. काकू त्याला चौथ्या बाईकडं बोट दाखवून म्हणाली, "हिनं लय केलं माहं, बिमारीत."

बाई म्हणाली, "मी कुठी होतो काकू? म्याडमनं केलं ना सारं."

"हौ," काकू भिंतीकडं पाहत म्हणाली, "त्या पण होत्या."

मुलानं मला नमस्कार केला आणि मिठाईचा डबा पुढं केला. मला वाईट वाटलं नाही. ती माझ्या शेजारच्याच खोलीत राहणार होती, रोज मला जातायेता पाहणार होती. तिला हे असंच ठेवणं सोपं गेलं असावं.

ट्रस्टच्या बैठकीत मी सुचवलं की ज्यांची तब्येत चांगली आहे अशा चार-सहा जणांना माणूस वळवायला, पुसायला शिकवून ठेवा, म्हणजे पुन्हा वेळ आली तर तारांबळ होणार नाही. सचिव म्हणाले, "अरे म्याडम, आप लोग आराम कीजिए, हम हैं ना." बाई एक वाढवली, तेवढं झालं.

शेवटी मीच चौथ्या बाईला सांगितलं, आम्हाला तू शिकव. ती आधी हसली, मग दुपारच्या वेळी तिनं बायांच्या चाळीतल्या आम्हा तिघींना गादीवर उशी ठेवून शिकवायला सुरुवात केली. उशी फार हलकी पडते म्हणून आता आळीपाळीनं आम्हीच आडव्या होतो. माझी पाळी असली की मी डोळे मिटून घेते.