विनोदिनीने जमवलेले डॉक्टर

लाटंबार्सेच्या विनोदिनीने सव्वीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली. निवृत्त झाल्यावर डिचोलीतल्या एका संस्थेने तिला बोलावलं, ते डॉक्टर जमवायला. मुलांच्या मानसोपचारासाठी आईबापांना दिवसाची मजुरी बुडवून पणजी गाठावी लागे. म्हणून बाहेरगावच्या डॉक्टरांनी आठवड्यातून दोन तास व्हिडिओवर मुलांना तपासावं, असं संस्थेने ठरवलं होतं.

पहिल्या महिन्यात तिने एकोणीस जणांना फोन केले. कुणाला वेळ नव्हता, कुणी "ईमेल करा" म्हणून फोन ठेवला. विनोदिनी डगमगली नाही. हट्टी पोरांना भरवण्यात तिचा जन्म गेला होता.

कोल्हापूरच्या डॉक्टर अर्चना मात्र स्पष्ट बोलल्या. "ताई, मूल खेळतं कसं, आईकडे बघतं कसं, हे मला दिसायला हवं. व्हिडिओवर नुसता चेहरा दिसतो."

"खरं आहे," विनोदिनी म्हणाली. "गुरुवारी अर्धा तास द्या. नाही पटलं तर पुन्हा फोन करणार नाही."

गुरुवारी तुयेच्या कारखान्यात काम करणारी भागीरथी सात वर्षांच्या स्नेहाला घेऊन संस्थेत आली. बेळगावकडून आल्यापासून पोर शाळेत चकार शब्द बोलली नव्हती. विनोदिनीने टेबल-खुर्च्या बाहेर काढल्या, चटई अंथरली, भातुकली मांडली आणि कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला.

"डॉक्टर, आधी दहा मिनिटं तुम्ही गप्प बसा," तिने बजावलं.

डॉक्टर हसल्या आणि गप्प बसल्या. स्नेहाने चहा मांडला. मध्येच आईच्या कानात कुजबुजली. मग एक कप तिने हळूच पडद्यापुढे धरला. डॉक्टरांनी घोट घेतल्यासारखं केलं. "साखर कमी झाली गं."

स्नेहाने वाकून आणखी दोन चमचे साखर घातली.

खेळून झाल्यावर भागीरथीने घाबरत विचारलं, "शाळेत म्हणतात, पोरगी मंद आहे. खरं काय?"

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरी बोलते ना? बाहेर भीतीने तिचा आवाज अडकतो. यावर उपाय आहे, पण वेळ लागेल. तोवर 'बोल, बोल' म्हणून मागे लागू नका."

भागीरथीने पदराने डोळे पुसले. मायलेकी गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "दर गुरुवारी दोन तास माझे. एकच अट, खोलीत तुम्ही हव्यात."

"मी खंय जातंय! इथंच असणार," विनोदिनी म्हणाली.

डॉक्टर अर्चनांनी तिला आपल्या तीन सहकाऱ्यांचे नंबर दिले. आता विनोदिनी विनवण्या करीत बसली नाही. "एक गुरुवार येऊन बघा," एवढंच म्हणायची. गणेश चतुर्थीपर्यंत त्यांतले दोघे कामाला लागले.

सहाव्या महिन्यात, दुपारच्या सुट्टीत कारखान्यातून भागीरथीचा फोन आला. शाळेतल्या बाईंनी तिला कळवलं होतं, की स्नेहाने आज वर्गात हजेरी दिली, बारीक आवाजात, पण बाईंना ऐकू जाईल अशी. विनोदिनी तेव्हा दुसऱ्या फोनवर धारवाडच्या एका डॉक्टरांना पटवत होती. "जरा थांबा हां," तिने त्यांना सांगितलं, आणि भागीरथीकडून सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून ऐकली.