आधी कोरं, मग रंग

आमच्या मावसाने सुरतेत पांडेसरा ते बमरोली या पट्ट्यात जितके कॉम्प्युटर कोरे केले, तितके तापीचा पूर, उंदीर आणि विजेचे झटके या तिघांनी मिळूनही केले नसतील. पूर निदान ओसरतो. मावसा दर रविवारी स्टीलच्या डब्यात एक सीडी घेऊन बाहेर पडतो आणि ज्याच्या घरात कॉम्प्युटर दिसेल त्याला अगदी गोड आवाजात विचारतो, "चालतो का बरा?" यावर चुकूनही 'जरा हळू चालतो' असं म्हणू नये. ज्यांनी म्हटलं ते अजूनही मावशीच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जातात. (मावसा समोर असला की मी त्याला अहो म्हणते. पण पत्रकं लिहिण्यात माझा हात बसलाय आणि पत्रकात मी कुणालाच अहो-जाहो करत नाही, मग त्याला का करू.)

मावसा म्हणजे माझ्या आईच्या बहिणीचा नवरा. मूळचा अमळनेरकडचा, बी.एस्सी.ला दोनदा नापास, आणि एकोणीस वर्षं पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये कलर मास्टर. साडीचा तुकडा हातात दिला की नुसतं उजेडात धरून कोणता रंग किती टाकायचा हे सांगणारा माणूस. सोमवारी त्याची बोटं शेंदरी असतात, बुधवारी मोरपंखी, आणि लग्नसराईत आठवडाभर कुंकवासारखी लाल. त्यामुळे कुणाच्या कॉम्प्युटरवर मावसा बसून गेलाय आणि कोणत्या वारी, हे की-बोर्डवरून ओळखता येतं. त्याच्या काखेत कायम एक जाडजूड रजिस्टर असतं. मिलमध्ये कापडाचा जो लॉट रंगेल त्यातला दोन बोटं रुंद तुकडा कापून तो त्यात चिकटवतो आणि शेजारी रंगाची कृती लिहितो. नमुना चिकटवल्याशिवाय मावसा कशालाच हात लावत नाही. मावशी म्हणते की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या शालूचाही काठ कापला होता. मी तो शालू पाहिलाय. कापलाय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मिलच्या ऑफिसातून एक जुनं इंग्रजी कॉम्प्युटर मासिक रद्दीत निघालं आणि मावसाच्या हाती लागलं. त्याला एक सीडी चिकटलेली होती आणि सीडीत लिनक्स नावाची सिस्टिम. मासिकात म्हटलं होतं की ही सिस्टिम कुठल्या मालकाची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून बनवली आहे. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी, वाटावी. मावसा डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन आठवडे ते वाचत होता. आता मी काही माणसं ओळखण्यात हुशार नाही, पण मला वाटतं त्या तीन आठवड्यांतच तो कामातून गेला. शेठला विचारल्याशिवाय रंगाच्या टबात मूठभर मीठसुद्धा टाकता येत नाही अशा माणसाला 'बदलून बघ' असं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो त्याच्या धंद्यामुळे. कापडाला खळ आणि तेलाचे डाग असताना रंग दिला तर धब्बे पडतात, म्हणून आधी ते उकळून, धुऊन कोरं करायचं आणि मगच रंग द्यायचा. हा नियम मावसाने जसाच्या तसा कॉम्प्युटरला लावला. जुनी सिस्टिम एका बाजूला राहू देऊन उरलेल्या जागेत लिनक्स टाकता येतं, हे मासिकात चांगलं चित्र काढून समजावलं होतं. मावसाने त्या पानावर लाल फुली मारली. "अर्धं कापड न धुता अर्धं रंगवतं का कुणी? हाई मन्हाथून व्हवाव नही." खानदेशातून येऊन वीस वर्षं झाली तरी त्याचं ठाम मत अहिराणीतच बाहेर पडतं.

पहिला बळी गेला नाक्यावरचा झेरॉक्सवाला. तो कॉम्प्युटरवर जन्मकुंडल्या काढून द्यायचा. 'थोडू धीमू चाले छे' असं बिचारा बोलून गेला आणि तासाभरात त्याच्यासमोर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द होता, लॉगिन. "मावसा, मारा बधा ग्रह उडी गया," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. मावसा शांतपणे म्हणाला, "उडाले ना? आता चांगले बघून भरा."

दुसरा बळी घरातला. दिवाळीत मावसाचा जावई पुण्याहून आला होता. औषधांच्या कंपनीत कामाला, कंपनीने दिलेला विटेएवढा जाड लॅपटॉप बरोबर. मावशीने मांडे आणि आमरस असा बेत… आमरस नव्हे, दिवाळीत कुठला आंबा, खीर होती. जावई दोन घास जास्त जेवून आडवा झाला. आडवं होताना जांभई देत म्हणाला की हल्ली हा फार हळू झालाय. चार वाजता उठला तेव्हा लॅपटॉप त्याला त्याचंच नाव विचारत होता. त्याने नाव सांगितलं. लॅपटॉपने ओळख दिली नाही. परत सांगितलं. परत नाही. सासऱ्याच्या घरी जावयाची एवढी बेअदबी खानदेशात झालेली नसेल. मावसा मागे उभा राहून अभिमानाने म्हणत होता, "बघा, किती पक्का आहे. कुणालाही आत सोडत नाही." स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, "लोके जवाईले टावेल-टोपी देतस. आमनाकडे जवाई धुई देतस."

मला हसू यायचं, कारण तोवर मी सुरक्षित होते. वस्तीसाठी अर्ज-मोर्चे करणारं आमचं एक मंडळ होतं, त्याचा एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता, आणि मंडळाला जागा नसल्यामुळे तो मावशीच्या पुढच्या खोलीतच, म्हणजे वाघाच्या गुहेतच ठेवलेला होता. त्यावर मी पत्रकं लिहायची. मावसा येता-जाता टोमणे मारायचा. "काय पत्रकबाई, वर लिहितेस मालकशाही मुर्दाबाद, आणि खाली चालवतेस मालकाची विंडोज. ती पण चोरीची." हे खरं होतं आणि म्हणून मला फार राग यायचा. मी म्हणायचे, "तुमच्या लिनक्सला मराठी लिहिता येतं का?" मग मावसा रजिस्टर उचलून चालू लागायचा. येत नव्हतं.

आता यादीचं सांगते. आमच्या वस्तीतली मराठी शाळा सातवीपर्यंत. आठवीला लांब जावं लागायचं. मुलगे सायकलवर जायचे, मुली घरी बसायच्या आणि साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. मी बसले नाही, कारण माझी आई भांडकुदळ होती. आठवीचा वर्ग इथेच काढा म्हणून आम्ही दोन वर्षं अर्ज देत होतो. शेवटी महापालिकेच्या शाळाखात्यातले साहेब म्हणाले, किती मुली घरी बसल्यात त्याची नावानिशी यादी आणा, मग बघू. आम्ही गल्लोगल्ली फिरून नावं गोळा केली, मी ती कॉम्प्युटरवर चढवली, सात पानं झाली. हाताने लिहिलेले कागद मी रद्दीत घातले. आता आपण कॉम्प्युटरवाले झालो ना. एक फ्लॉपी मात्र काढून ठेवली, वर 'यादी' असं लिहून. साहेबांनी पुढच्या शुक्रवारची वेळ दिली. त्याआधी मला तीन दिवस धुळ्याला शिबिराला जायचं होतं, रविवारी परत. निघताना चप्पल घालता घालता मी मावशीला म्हणाले, "आल्यावर शेवटची गल्ली टाकते आणि छापून घेते. आज वेळ नाही, हा फारच हळू चालतोय."

मावसा तेव्हा न्हाणीत होता. मला वाटलं ऐकू जाणार नाही.

रविवारी दुपारी परत आले. की-बोर्ड कुंकवासारखा लाल होता. पडद्यावर लॉगिन होतं. 'यादी' लिहिलेली फ्लॉपी मशीनमध्येच होती, कारण लिनक्स सुरू करायला एक फ्लॉपी लागते आणि घरात तेवढी एकच होती, तीही त्याने आधी कोरी केली होती. मी मावसाला काय काय बोलले ते पत्रकातही छापता येणार नाही. तो ऐकून घेत होता आणि मधूनमधून, "अगं पण यादी आहे की," असं म्हणत होता. शेवटी त्याने रजिस्टर उघडलं. लाल कापडाच्या तुकड्याशेजारी माझ्या यादीचं पहिलं पान नीट छापून, कडा कापून चिकटवलेलं होतं.

"बाकीची सहा?"

"नमुना आहे ना पोरी. अख्खा तागा कोणी वहीत चिकटवतं का?"

"मावसा, हे कापड नाही. या पानावरच्या सोळा मुलींवरून पुढची एक तरी मुलगी कळते का तुम्हाला?"

मावसाने ते पान उजेडात धरलं. मग म्हणाला, "लॉटमधे तर सगळं सारखं असतं." आणि रजिस्टर मिटून न जेवता बाहेर गेला. मावशी मला म्हणाली, "तू पण जेवू नको. दोघांचं वाचलं."

सोमवारी सकाळी मावसा पायात बूट घालून माझ्या दारात हजर. ऐन लग्नसराईत पाच दिवसांची सुट्टी टाकून आला होता. शेठ काय म्हणाला ते त्याने सांगितलं नाही, पण त्याचे कान लाल होते आणि तो रंग मिलमधला नव्हता. काखेत रजिस्टर, खिशात कात्री आणि खळीची डबी. पहिल्याच घरी नाव लिहून झाल्यावर तो त्या मुलीच्या आईला म्हणाला, "वहिनी, पोरीचा शाळेचा ड्रेस आहे का जुना?" मी त्याचा हात ओढला. तो म्हणाला, "नमुन्याशिवाय मी नोंद करत नाही. तुझी पद्धत झाली, आता माझ्या पद्धतीने होऊ दे." मी चिडले. वेळ किती कमी, आणि हा माणूस निळ्या फ्रॉकचे कोपरे कापत बसलाय.

पण ड्रेस निघत गेले. कुठे धाकटीने घातलेला, कुठे पाळण्यात अंथरलेला, कुठे मशीन पुसायला घेतलेला. फेकलेला एकाही घरात नव्हता. बमरोलीत एका खोलीत तो भाकरीचा तवा उतरवायला वापरत होते. त्या मुलीचं नाव सुनंदा. टिकल्यांची ताटली समोर घेऊन बसली होती, वर बघितलं नाही. मावसाने तुकडा कापला आणि दारात जाऊन उजेडात धरला. निळा म्हणायलाही जड जाईल इतका तो उडालेला होता. "चार वर्षं झाली शाळा सोडून?" त्याने विचारलं. तिची आई म्हणाली, "चार आखाजी व्हई ग्यात. तुम्हले कसं समजनं?"

मावसाने खळीची डबी माझ्या हातात दिली. खळ लावताना त्याची बोटं जरा जास्तच हळू चालली होती.

शुक्रवारी साहेबांनी टेबलावरून मान वर न करता विचारलं, "लिस्ट?" मी भाषण तयार करून गेले होते. पण मावसाने माझ्याआधी रजिस्टर त्यांच्यासमोर उघडून ठेवलं. "आ शुं छे?" साहेब म्हणाले. पानभर निळे तुकडे, प्रत्येकाशेजारी नाव. मावसाने एकावर बोट ठेवलं. "साहेब, आ गये वरसे बेठी. एटले रंग हजु पाको छे. आ बे वरसथी. आ जुओ, आ चार वरसथी घरे छे." साहेबांनी पान उलटलं. पुढचंही उलटलं. मग अंगठ्याने सुनंदाचा तुकडा चाचपून बघितला, जसं कापडबाजारात बघतात तसं. सुरतचा माणूस, कापडाला हात लावल्याशिवाय राहवलं नसेल. "चोपडी मूकी जाव," ते म्हणाले, म्हणजे वही इथेच ठेवून जा.

त्याच रजिस्टरात मिलच्या त्या वर्षीच्या सगळ्या शेड होत्या, कृतीसकट. मावसाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ठेवून आला. पुढचे दोन महिने मिलमध्ये तो प्रत्येक शेड नव्याने डोळ्यांनी जुळवत होता आणि शेठचं ऐकून घेत होता.

जूनमध्ये आठवीचा वर्ग निघाला. व्हरांड्यात, फळा टेकवून. रजिस्टर काही परत आलं नाही. मुली निम्म्याच आल्या, ज्यांचा निळा अजून पक्का होता त्या. सुनंदा आली नाही. मी तिच्या घरी दोनदा जाऊन भांडून आले.

मावसाने त्यानंतर कुणाला 'चालतो का बरा' विचारलं नाही. मला वाटलं, सुधारला. पण त्याने लूमवाल्या डिझायनरकडून चौकटीचे कागद आणले होते आणि रोज एकेक ठिपका भरून मराठी अक्षरं काढत होता, लिनक्सला शिकवायला. 'बदलून बघा' असं लिहिलंय ना मासिकात, म्हणाला. गेल्या रविवारी त्याने मला हाक मारली. काळ्या पडद्यावर पांढरी, वाकडी, दातेरी अक्षरं होती. 'सुनंदा.' द जरा लंगडा झाला होता, ते मी सांगितलं. मावसाने डोळे बारीक करून पडदा न्याहाळला, शेड बघतो तसा.

"फिकं आहे," तो म्हणाला, "पण वाचता येतं. आता पुढचं नाव सांग."

रजिस्टर साहेबाकडे होतं. मी आठवून सांगायला लागले.